वर्गातील बैठक : विद्यार्थ्यांची व शिक्षकांची

प्राथमिक शाळेच्या दारात कोणी पाहुणा उभा राहिला की वर्गातून एक आज्ञा हमखास ऐकू येते : "हाताची घडी, तोंडावर बोट!" त्यासरशी चाळीस मुले निश्चल होतात. पाहुण्यास समाधान वाटते, शिक्षकास अभिमान वाटतो, आणि शेरेपुस्तकात 'शिस्त उत्तम' असा शेरा पडतो. असे शेरे प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे लिहिले आहेत. आज मागे वळून पाहता त्या शेऱ्यांपैकी कित्येक पुन्हा तपासून पाहावेत असे वाटते. मुले निश्चल बसली होती एवढेच त्यांतून सिद्ध होत होते. ती कशी बसली होती, कशावर बसली होती, किती वेळ बसली होती आणि लिहिताना त्यांच्या पाठीचे व डोळ्यांचे काय होत होते, याकडे आमचे लक्षच नव्हते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांस वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांस किमान २२० दिवस व १००० तास अध्यापन व्हावयास हवे. बेरीज केली तर आठवी उत्तीर्ण होईपर्यंत मुलाचे निदान ७००० तास शाळेत जातात. त्यांतील बहुतेक तास ते बसलेले असते. ज्या क्रियेत बालपणाचा एवढा मोठा भाग खर्च होतो, तिचा विचार केवळ 'नीट बसा' या दोन शब्दांत आटोपणे योग्य नव्हे.

बसणे हेही श्रमच

बसणे म्हणजे विश्रांती अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः टेका न घेता बसणे हे शरीराचे एक कामच आहे. आपल्या पाठीच्या कण्यात मान, पाठ व कंबर मिळून २४ सुटे मणके असतात आणि त्यांच्या खाली माकडहाडापर्यंतचा जोडलेला भाग असतो. सुट्या मणक्यांच्या दरम्यान कूर्चेच्या लवचिक गाद्या असतात. कण्याला मान, पाठ व कंबर या ठिकाणी स्वाभाविक बाक असतो, आणि तो सांभाळून धरण्याचे काम पाठीचे, पोटाचे व मानेचे स्नायू अहोरात्र करीत असतात. प्रौढ मनुष्याचे डोके सुमारे साडेचार ते पाच किलोग्रॅम वजनाचे असते. मान सरळ असता हा भार कण्यावर तोललेला राहतो. मान पुढे झुकली की तोच भार मानेच्या मागील स्नायूंना ओढून धरावा लागतो. भरलेली कळशी कंबरेवर असता जड वाटत नाही. पण हात पुढे लांब करून तीच कळशी धरून पाहिली तर फरक तत्काळ कळतो.

दुसरी गोष्ट त्या गाद्यांची. प्रौढ वयात या गाद्यांच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. त्यांना पोषक द्रव्ये आजूबाजूच्या भागातून झिरपून मिळतात. यास्तव एकाच स्थितीत तासन्‌तास राहणे कण्यास मानवत नाही, आणि स्थिती बदलत राहणे हीच त्याची स्वाभाविक रीत आहे.

मग कोणती स्थिती बरी? स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात कंबरेच्या गादीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा टेका न घेता बसण्यात दाब अधिक आणि पुढे वाकून बसण्यात त्याहूनही अधिक, असे त्यांस आढळले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के यांनी एका व्यक्तीवर अशीच मोजणी केली. तीत साधे बसणे व उभे राहणे यांतील दाबात मोठा फरक दिसला नाही, आणि मागे रेलून सैल बसल्यास दाब उलट कमी झाला. पुढे वाकण्याने दाब वाढतो, या गोष्टीवर मात्र दोन्ही मोजण्यांचे एकमत आहे. पाठदुखीचे कारण केवळ वाकडे बसणे असते, ही जुनी समजूतही आता टिकलेली नाही. झोप, श्रम, मनाचा ताण, व्यायामाचा अभाव अशी अनेक कारणे तिच्यामागे असतात. यावरून एक गोष्ट निघते. काठीसारखे ताठ बसणे हा काही रामबाण उपाय नव्हे, आणि थोडे रेलून बसणे हा अपराधही नव्हे. अपाय होतो तो पुढे वाकून, आधाराविना आणि दीर्घकाळ बसण्याने. आपल्या वर्गात लिहिताना मुले नेमकी याच प्रकारे बसतात.

येथे कोणी गीतेच्या सहाव्या अध्यायाचे स्मरण देईल. धड, मान व मस्तक एका रेषेत ठेवून अचल बसावे, असा तेथील उपदेश आहे. तो यथार्थ आहे. परंतु तो ध्यानाला बसलेल्या साधकासाठी आहे. सात वर्षांच्या मुलाने मराठी, गणित व परिसर अभ्यास हे तिन्ही विषय त्या आसनात पार पाडावेत, अशी अपेक्षा गीतेनेही केलेली नाही.

बैठ्या कामाची जुनी ओळख

बैठ्या कामाचे दुष्परिणाम वैद्यांना ठाऊक होऊन तीनशे वर्षे लोटली. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्यांनी लेखनिकांच्या विकारांवर एक प्रकरण घातले. सतत बसून राहणे, हाताची एकच एक हालचाल पुन्हा पुन्हा करणे आणि मनाची अखंड एकाग्रता, ही तीन कारणे त्यांनी सांगितली. आजच्या कार्यालयातील लिपिकाचे वर्णनही याहून फार निराळे होणार नाही. १९५३ मध्ये डॉ. मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतर करून तिकिटे देणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी असल्याचे त्यात दिसून आले. गाडी एकच, रस्ता एकच. भेद होता तो प्रामुख्याने बसण्याचा आणि चालण्याचा.

आपल्या खानदेशातही बैठे व्यवसाय थोडे नाहीत. जळगावच्या सराफ बाजारातील कारागीर बारीक कामावर मान झुकवून तासन्‌तास बसतो. जुन्या पेढीवरील मुनीम मात्र गादीवर बसून, पुढे उतरत्या झाकणाची पेटी घेऊन, तीवर खातेवही ठेवून लिहीत असे. त्या उताराचा उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. लिहिण्याचा पृष्ठभाग वर आला व आपल्याकडे कलता झाला की मान कमी झुकते. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात व समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. शक्य असेल त्या शिक्षकांनी ती मुलांना अवश्य दाखवावीत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर वाटोळे, सुटे, सरळ ओळीचे व सारख्या आकाराचे असावे, असा समर्थांचा आग्रह तेथे दिसतो. असे अक्षर धावपळीत निघत नाही, आणि पोट गुडघ्यात दाबून बसल्यानेही निघत नाही. सुवाच्य अक्षराची मागणी करण्यापूर्वी ते काढण्यास योग्य बैठक दिली पाहिजे, हा त्यातून आपण घ्यावयाचा बोध आहे.

जमिनीवरील बैठक

आपल्या कितीतरी शाळांत खालच्या इयत्तांची मुले सतरंजीवर किंवा बसकरपट्टीवर बसतात. ही बैठक कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. मांडी घालून बसण्याने गुडघे, घोटे व खुबे यांची लवचिकता टिकून राहते. बसण्याउठण्यात पायांना व्यायाम घडतो. मुलास हवी तशी बैठक बदलता येते, आणि वर्तुळ करून, गट पाडून शिकविणे सोपे जाते. दि. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यानंतर अनेक शाळांच्या फरशीवर अंक, अक्षरे व खेळ रंगविले गेले. जमिनीवर बसणाऱ्या मुलांना त्यांचा उत्तम लाभ झाला.

दोष बसण्यात नसून लिहिण्यात आहे. मांडी घातलेल्या मुलाची पाटी किंवा वही फरशीवर असते. तेथवर पोहोचण्यासाठी त्याला कंबरेतून दुमडावे लागते. थोड्याच वेळात ते एका हातावर भार देते, मग एका कुशीवर कलते आणि शेवटी पालथे पडून लिहू लागते. आपण त्यास आळशी म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे शरीर आधार शोधीत असते.

यावरील उपाय सोपा व अल्पखर्चाचा आहे. जेवावयास बसण्याचा लाकडी पाट आपल्या घरोघरी असे. मुलापुढे तसा पाट दोन विटांवर ठेवावा, आणि पलीकडच्या कडेखाली आणखी एक पट्टी सरकवून तो मुलाकडे किंचित उतरता करावा. मुलाचे कोपर सहज जेथे टेकेल, साधारण तेवढीच त्याची उंची असावी. सर्व वर्गासाठी एकदम पाट मिळाले नाहीत तर लेखनाच्या तासापुरते गटागटाने वापरावेत. शाळा व्यवस्थापन समितीपुढे हा विषय मांडल्यास गावचा सुतार जुन्या फळ्यांतून असे पाट सहज करून देईल. पाट नसेल तेथे दप्तर मांडीवर आडवे घेऊन त्यावर पाटी ठेवावी. हा उपाय अपुरा आहे. तरीही जमिनीपेक्षा तो बरा.

बाकावरील बैठक

बाक आले म्हणजे प्रश्न सुटला, असे समजण्याचे कारण नाही. शाळेतील बाक मुलाच्या मापाचा असावा, ही चर्चा युरोपात एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली. झ्यूरिखचे डॉ. फार्नर यांनी १८६५ मध्ये 'मूल व शाळेचे मेज' याच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. ब्रेस्लाउ येथील नेत्रवैद्य हर्मन कोन यांनी दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे डोळे तपासून १८६७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. इयत्ता जसजशी वाढते तसतशी दूरचे न दिसणाऱ्या मुलांची संख्या वाढते, असे त्यांस दिसले. मंद उजेड व बेमापाचे बाक यांस त्यांनी दोष दिला. पुढे विसाव्या शतकात डेन्मार्कचे शस्त्रवैद्य डॉ. मांडाल यांनी आणखी एक निरीक्षण नोंदविले. मुले खुर्ची पुढच्या दोन पायांवर कलती करून बसतात ती खोडी म्हणून नव्हे. तसे केल्याने मांड्या पुढे उतरत्या होतात आणि पाठ आपोआप सरळ होते. आपल्या वर्गात बाकाच्या अगदी कडेवर बसणारे मूल बहुधा हेच साधीत असते.

बाक मुलाच्या मापाचा आहे किंवा नाही, हे पाहण्यास तज्ज्ञाची गरज नाही. चार खुणा पुरेशा आहेत. पहिली, बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकावेत. दुसरी, बाकाची कड व गुडघ्यामागील खळगी यांच्यामध्ये दोन-तीन बोटे जाण्याइतकी मोकळी जागा राहावी. तिसरी, खांदे न उचलता कोपरे मेजावर यावीत. चौथी, पाठ टेकूनही वही हाताशी असावी. म्हणजे बसण्याची फळी व मेज यांत फार अंतर नसावे.

दुसरीतील मूल व सातवीतील मूल एकाच मापाच्या बाकावर बसलेले आपण नेहमी पाहतो. नवे बाक मिळेपर्यंत पाय अधांतरी लोंबणाऱ्या मुलांच्या पायांखाली विटा किंवा लाकडी पट्टी ठेवावी. एकाच वर्गात लहानमोठे बाक असतील तर त्यांचे वाटप हजेरीक्रमाने न करता मुलांच्या उंचीप्रमाणे करावे. वर्षातून दोनदा, जूनमध्ये व दिवाळीनंतर, हे वाटप पुन्हा पाहावे. मुले वाढतात, बाक वाढत नाहीत.

डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलास बाकाच्या डाव्या टोकास जागा द्यावी, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी त्याचे कोपर आदळणार नाही. त्याचा हात बदलण्याचा प्रयत्न करू नये. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांस डावीकडून व डाव्या हाताने लिहिणाऱ्यांस उजवीकडून उजेड मिळाल्यास हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

वाकण्यामागील कारण शोधावे

येथे स्वतःची एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. लिहिताना त्याचे नाक पाटीस टेके. मी दररोज त्यास 'ताठ बस' म्हणून सांगे, आणि पुष्कळदा हातातील पट्टीने त्याची हनुवटी वर करी. हनुवटी वर झाली की तो लिहिणे थांबवी, आणि मी त्यास हट्टी समजे. दिवाळीच्या सुटीत त्याच्या मामाने त्यास तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. सुटी संपल्यावर तो चष्मा लावून आला, जागेवर बसला आणि कोणीही न सांगता सरळ बसून लिहू लागला. त्याने मला काही म्हटले नाही. पट्टी मात्र त्यानंतर मी वर्गात नेली नाही.

वाकून बसणे हे पुष्कळ वेळा लक्षण असते, अवगुण नसतो. ज्यास फळा दिसत नाही ते मूल पुढे झुकते किंवा डोळे बारीक करते. ज्यास एका कानाने कमी ऐकू येते ते मान एका बाजूस वळवून बसते. जे सकाळी न जेवता आले आहे, किंवा रात्री ज्याची झोप झालेली नाही, ते मूल दुपारपूर्वीच बाकावर मान टाकते. बसण्यासही बळ लागते, आणि ते बळ पोटातून येते. सातवी-आठवीतील काही मुली वाढत्या वयाच्या संकोचाने खांदे पुढे ओढून बसतात. त्यांना सर्वांदेखत टोकल्याने संकोच वाढतो. त्यांना मैदानावर खेळू द्यावे आणि शिक्षिकेने एकान्तात प्रेमाने बोलावे, हेच हिताचे.

एखाद्या मुलाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर दिसत असेल, किंवा पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसत असेल, तर कणा बाजूस वळल्याची शंका घ्यावी. हा विकार बहुधा वयात येण्याच्या सुमारास वाढतो, आणि बहुसंख्य मुलांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. तो वाकडे बसल्याने होत नाही, आणि ताठ बसविल्याने बराही होत नाही. अशा मुलास दोष न देता डॉक्टरांकडे पाठवावे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळांत येऊन मुलांची तपासणी करते. पथक येण्याच्या आधी वर्गशिक्षकाने अशा मुलांची यादी करून ठेवली तर तपासणी अधिक फलदायी होते. कारण डॉक्टर मुलास काही मिनिटे पाहतात, आपण त्यास वर्षभर पाहतो.

डोळ्यांविषयी अलीकडच्या संशोधनाने एक आनंददायक गोष्ट पुढे आणली आहे. चीनमधील ग्वांगझौ शहरात १२ प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांतील मुलांना दररोज ४० मिनिटे जादा वेळ उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्या शाळांत सुमारे ३० टक्के मुलांस लघुदृष्टी आली होती. इतर शाळांत ते प्रमाण सुमारे ३९.५ टक्के होते. शाळेच्या आवारातील निंबाची सावली हे आपल्या हाती असलेले बिनखर्चाचे औषध आहे. आपल्याकडील उन्हाळ्यात दुपारी ते शक्य नाही. पण सकाळच्या शाळेत पहिला तास, आणि हिवाळ्यात कोणताही तास, झाडाखाली घेण्यास कोणाची हरकत असणार?

चुळबुळ : निसर्गाची सूचना

मूल चुळबुळ करू लागते तेव्हा त्याचे शरीर आपणास सांगत असते की आता स्थिती बदलावयास हवी. प्रौढांनाही दीर्घ सभेत हेच वाटते. आपण केवळ सभ्यतेने ते झाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी, आणि बैठा वेळ मर्यादित असावा. खेळाचा तास बुडवून गणित पुरे करणारा शिक्षक मुलांचा गणिताचाही तोटा करतो.

हालचाल म्हणजे गोंधळ नव्हे. ती पाठातच गुंफता येते. उत्तर ठाऊक असणाऱ्याने उभे राहावे. बेरीज फळ्यावर येऊन करावी. वाचन उभ्याने व लेखन बसून करावे. वीस-पंचवीस मिनिटांनी एक मिनिट हात वर ताणावेत, मान हळूच दोन्ही बाजूंस वळवावी, खिडकीबाहेर दूरच्या झाडाकडे पाहावे. बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या द्विशिक्षकी शाळेत तर हे अधिक सुलभ आहे. एका इयत्तेस लेखन दिले असता दुसरीस उभ्याने पाठांतर देता येते.

या विचाराचा मोठा वारसा महाराष्ट्रास लाभला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या, कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी कार्य केले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊन बसू शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. ती 'कुरणशाळा' या नावाने प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या आमच्या शिक्षकांनी हे उदाहरण दृष्टीसमोर ठेवावे. बसणे ही शिक्षणाची अट नव्हे. ती केवळ एक सोय आहे.

मुलास शिक्षा म्हणून तासभर उभे करणे, अंगठे धरावयास लावणे किंवा निश्चल बसविणे हे मात्र हालचालीच्या अगदी विरुद्ध आहे. शारीरिक शिक्षेस २००९ च्या अधिनियमाच्या कलम १७ अन्वये बंदी आहे, हे येथे पुन्हा नमूद करावेसे वाटते.

शिक्षकाची स्वतःची बैठक

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे आपणाविषयी. एके काळी शिक्षकाचे काम उभ्याचे होते. आज हजेरीपट, जनरल रजिस्टर, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती आणि भ्रमणध्वनीवर तातडीने मागितलेले तक्ते यांमुळे शिक्षकही बैठ्या कामाचा मनुष्य झाला आहे. कार्यालयातील आमची स्थिती याहून वेगळी नाही, आणि त्या तातडीच्या मागणीत आमचाही वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे.

माहिती भरताना भ्रमणध्वनी मांडीवर ठेवून मान खाली घालू नये. तो मेजावर पुस्तकांच्या थप्पीस टेकवून डोळ्यांच्या जवळपासच्या उंचीस ठेवावा. संगणक असेल तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस यावी, पडदा हाताच्या अंतरावर असावा, आणि कळफलकावर हात असता खांदे सैल राहावेत. खुर्ची खोल असल्यास कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा. अर्ध्या तासाने उठून एक फेरी मारावी. पाणी पिण्याचा तांब्या मुद्दाम दूर ठेवला तर ही फेरी आपोआप घडते. प्रौढांनी आठवड्यात निदान १५० मिनिटे जलद चालण्यासारखा व्यायाम करावा, असे त्याच मार्गदर्शनात म्हटले आहे. दररोजचा हिशेब अवघ्या बावीस मिनिटांचा होतो.

बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते, आणि तीत अंथरूण धरण्यापेक्षा बेताची हालचाल हितकर असते. परंतु कळ पायात खाली उतरत असेल, पायात बधिरता किंवा दुर्बलता येत असेल, ताप अथवा वजनातील घट असेल, तर विनाविलंब डॉक्टरांस दाखवावे. लघवी-शौचावरील ताबा सुटल्यास एक तासही दवडू नये.

या महिन्यात करावयाच्या गोष्टी

१. एक दिवस लेखनाच्या तासास वर्गाच्या मागे उभे राहून, काहीही न बोलता, प्रत्येक मूल कसे बसते ते पाहावे व नोंदवावे.

२. बाकांचे वाटप उंचीप्रमाणे करावे. लोंबत्या पायांखाली आधार द्यावा.

३. जमिनीवर बसणाऱ्या वर्गासाठी निदान पाच लेखनपाट करून घ्यावेत.

४. डोळे व वही यांतील अंतर कोपरापासून मुठीपर्यंतच्या लांबीइतके असावे, हे मुलांना त्यांच्याच हाताने मोजून दाखवावे.

५. पाटीस नाक लावणाऱ्या, फळा न दिसणाऱ्या व सतत एका बाजूस कलणाऱ्या मुलांची यादी करून पालकांशी बोलावे व ती आरोग्य पथकास द्यावी.

६. मागच्या रांगेतील मुलास पुढे व पुढच्यास मागे, अशी जागांची अदलाबदल दर आठवड्यास करावी. दृष्टिदोष असलेली मुले पुढेच ठेवावीत.

७. प्रत्येक तासात एकदा वर्ग उभा राहील, असा एक प्रसंग पाठाच्या टाचणातच लिहून ठेवावा.

यांतील कोणत्याही गोष्टीस मोठा निधी लागत नाही. पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने आपल्या लेखनपाटाचा एक नमुना आणल्यास त्यांतील सर्वांत सोयीचा कोणता, हे आपण मिळून ठरवू.

यापुढे शाळाभेटीस आम्ही येऊ तेव्हा वर्ग निश्चल दिसला नाही तरी चालेल. एखादे मूल उभे असेल, एखादे खिडकीशी जाऊन वाचीत असेल, एखादे पाटावर वही ठेवून सावकाश अक्षर काढीत असेल. शेरेपुस्तकात शिस्तीविषयी लिहिण्यापूर्वी आता आम्ही मुलांचे तळपाय जमिनीला टेकले आहेत किंवा नाहीत, ते पाहणार आहोत.